विश्लेषण : 'फाइल सगळ्यांना पाठव' म्हटल्यावर एआय एजंट नेमके काय करतो?

फाइल शोधणे, तिचा सारांश काढणे इथवर थांबलेले एआय एजंट आता ती फाइल कोणाला दाखवायची, हेही ठरवू लागले आहेत. मात्र माणसाला दिसते तसे 'शेअर'चे बटण एजंटला दिसत नाही. त्याला दिसते ते त्या सोयीचे नाव आणि तिच्याविषयी कोणीतरी लिहून ठेवलेल्या दोन-चार ओळी. त्या ओळी ढिसाळ असतील, तर खासगी कागदपत्रे भलत्याच लोकांपर्यंत पोहोचू शकतात.

'टूल' म्हणजे काय?

भाषा प्रारूप स्वतः फक्त मजकूर तयार करते. फाइल उघडणे, ईमेल पाठवणे अशा कामांसाठी त्याला बाहेरची सोय जोडून द्यावी लागते. तिला 'टूल' म्हणतात. ही जोडणी एकसारखी व्हावी यासाठी अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' खुला केला. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयनेही तो स्वीकारला. त्यात प्रत्येक टूलचे नाव, वर्णन आणि भरायच्या माहितीचा आराखडा असतो. एखादा प्रोग्रामर अडला तर सहकाऱ्याला विचारतो, आधी चाचणी घेऊन पाहतो. एजंट मात्र बहुतेक वेळा लिहिलेल्या ओळींवरून अंदाज बांधतो आणि काम उरकतो.

गडबड कुठे होते?

समजा, एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवांनी एजंटला सांगितले, 'ऑडिट रिपोर्ट सगळ्यांना पाठव.' सचिवांच्या मनात 'सगळे' म्हणजे सोसायटीचे सभासद. गूगल ड्राइव्हमध्ये परवानगी देताना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली, समोरचा फक्त वाचणार, टिप्पणी करणार की बदलही करणार. दुसरी, परवानगी एका व्यक्तीला, गटाला, संपूर्ण संस्थेला की 'एनीवन'ला, म्हणजे कोणालाही. या शेवटच्या पर्यायात लिंक हाती लागलेला जगातील कोणीही फाइल उघडू शकतो. टूलच्या वर्णनात हे लिहिलेले नसेल, तर 'सगळ्यांना'साठी 'एनीवन' निवडणे एजंटला सरळ वाटू शकते. शब्दांचा मेळ तर बसतो!

दुसरी अडचण फोल्डरची. फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या फाइलींनाही लागू होते. ऑडिट रिपोर्टच्या फोल्डरमध्येच सभासदांचे नॉमिनेशन फॉर्म आणि पॅन कार्डच्या प्रती असतील, तर त्याही उघड्या पडतात. शिवाय व्यक्ती किंवा गटाला परवानगी देताना वेगळे काही सांगितले नाही, तर सूचनेचा ईमेलही आपोआप जातो. परवानगी नंतर काढून घेता येते, पण तोवर कोणी डाउनलोड केलेली प्रत परत येत नाही.

चांगले वर्णन कसे असते?

'फाइल शेअर करते' हे वर्णन खोटे नाही, पण निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल : 'एका फाइलवर, नाव दिलेल्या ईमेल पत्त्यांना वाचण्याची परवानगी देते. फोल्डरसाठी वापरू नये. परवानगी देताच त्या पत्त्यांवर ईमेल जातो. वापरकर्ता "सगळ्यांना", "टीमला" असे म्हणाला, तर आधी पत्त्यांची यादी विचारून घ्यावी.' यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. टूल काय करते हे बहुतेक जण लिहितात. ते कधी वापरू नये आणि संदिग्ध शब्द आला तर काय करावे, हे लिहायचे राहून जाते.

नवीन रुजू झालेल्या सहकाऱ्याला समजावून सांगू तसे टूलचे वर्णन लिहावे, असा अँथ्रोपिकचा सप्टेंबर २०२५ मधील सल्ला आहे. भरायच्या रकान्याला नुसते 'युजर' न म्हणता 'युजर आयडी' म्हणावे, हेही त्यात सुचवले आहे. अर्थात, पानभर वर्णनही कामाचे नाही. प्रत्येक टूलचा मजकूर प्रारूपाच्या मर्यादित संदर्भात जागा अडवतो.

तेवढ्याने भागते का?

नाही. प्रोटोकॉलमध्ये 'फक्त वाचणारे', 'विध्वंसक' असे इशारे टूलला जोडता येतात. गंमत अशी, की त्यातील व्याख्येनुसार केवळ भर घालणारा बदल विध्वंसक नसतो. शेअरिंगमध्ये काहीच पुसले जात नाही, फक्त एका परवानगीची भर पडते. म्हणजे निस्तरायला सर्वांत कठीण असलेले काम कागदोपत्री निरुपद्रवी ठरू शकते. खात्रीच्या सर्व्हरकडून आलेले नसतील तर या इशाऱ्यांवर विसंबू नये, असे प्रोटोकॉलच बजावतो.

वर्णनात मुद्दाम घातक सूचना दडवून एजंटची दिशाभूल करता येते, हे एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्सने दाखवून दिले. या प्रकाराला 'टूल पॉयझनिंग' म्हणतात. त्यामुळे खरे कुलूप सर्व्हरवरच हवे. 'एनीवन'चा पर्याय एजंटला मुळात देऊच नये, आणि संस्थेबाहेरच्या पत्त्यावर फाइल जाणार असेल तर माणसाची मंजुरी घ्यावी. भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही जबाबदारी माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर आहे, तिने नेमलेल्या एजंटवर नाही.