सड्यावरचे विमानतळ, नकाशावरचे मार्ग

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ‘उडान’ योजनेचा हिशेब लोकसभेपुढे ठेवला. ८८ विमानतळ जोडले गेले, ६१९ मार्ग कार्यान्वित झाले आणि दीड कोटी मध्यमवर्गीयांना जलद प्रवासाचा लाभ झाला, असे त्या म्हणाल्या. पुढच्या दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे आणि चार कोटी प्रवासी असे सुधारित योजनेचे उद्दिष्टही त्यांनी जाहीर केले. या आकड्यांत खोटे काही नाही, पण ‘कार्यान्वित झाले’ हे शब्द फार सोयीचे आहेत. एखाद्या मार्गावर विमानसेवा सुरू झाली की तो मार्ग कार्यान्वित ठरतो. ती सेवा आज चालू आहे की नाही, याचे उत्तर त्या शब्दांत मिळत नाही.

ते उत्तर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत सादर झालेल्या अहवालात दिले होते. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान कधी उडालेच नाही. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या केवळ ११२ मार्गांनी अनुदानाचा तीन वर्षांचा काळ पूर्ण केला आणि अनुदान संपल्यानंतर, मार्च २०२३ अखेर, टिकून राहिले ५४. म्हणजे मंजूर झालेल्या शंभर मार्गांपैकी सात. एखाद्या बँकेची कर्जे या प्रमाणात वसूल झाली असती, तर तिच्या दाराशी केव्हाच कुलूप लागले असते.

मला या विषयाकडे आकड्यांनी नव्हे, तर कण्णूरने ओढले. उत्तर केरळमधील हा विमानतळ ९ डिसेंबर २०१८ रोजी सुरू झाला. मुख्यमंत्री पिनराई विजयन आणि तेव्हाचे नागरी विमान वाहतूक मंत्री सुरेश प्रभू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि पहिले विमान अबुधाबीला गेले. गेल्या पावसाळ्यात मी तेथे उतरलो. विमान अरबी समुद्रावरून किनाऱ्याकडे वळते तेव्हा खाली माडांची अखंड दाटी दिसते, मग नद्यांची रुंद मुखे आणि त्यांच्या मागे ढगांत बुडालेले कोडगू-वायनाडचे घाट. या दोहोंच्या मधल्या टेकड्यांचे माथे कापून मट्टन्नूर येथे ३,०५० मीटरची धावपट्टी केलेली आहे. जागेची ही निवड हौसेने झालेली नाही. किनारपट्टी अरुंद आहे, खाड्यांनी चिरलेली आहे आणि तिच्यावर घराला घर लागून वस्ती आहे. मोकळी सपाटी मिळते ती जांभ्याच्या पठारावर, ज्याला कोकणात सडा म्हणतात. मंगळुरू, कोळिकोडजवळचे करिपूर आणि आपल्या सिंधुदुर्गातील चिपी ही सारी त्याच भूरचनेची अपत्ये आहेत.

कण्णूरची इमारत मोठी आहे, सुमारे ९७ हजार चौरस मीटरची. मी उतरलो तेव्हा सामानाचा एकच पट्टा फिरत होता आणि बाहेर पडेपर्यंत दिसलेल्या खिडक्यांपैकी बहुतेक बंद होत्या. विमानतळाला रेल्वे नाही. कण्णूर किंवा तलश्शेरीचे स्थानक गाठायला वळणावळणाच्या रस्त्याने पाऊण-एक तास लागतो. मला नेणाऱ्या टॅक्सीचालकाचा भाऊ शारजाला नोकरीस आहे. तो मात्र रजेवर येताना करिपूरला उतरतो. ‘तिथे विमाने जास्त, म्हणून तिकीट स्वस्त,’ एवढेच त्याचे अर्थशास्त्र, आणि ते बरोबर आहे.

येथे मागणी नाही असे कोणी म्हणू शकत नाही. आखातात राबणाऱ्या मलयाळी कुटुंबांचा हा मुलूख आहे. पहिल्या वर्षभरातच विमानतळाने दहा लाख प्रवाशांचा टप्पा ओलांडला होता. शिवाय १९३५ साली टाटांची मुंबई–तिरुवनंतपुरम विमाने गोव्याप्रमाणे कण्णूरलाही थांबत असत, तेव्हा इथल्या आकाशाला विमान नवे नाही. मग अडले कुठे? दोन ठिकाणी. मे २०२३ मध्ये ‘गो फर्स्ट’ ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि एका रात्रीत या विमानतळाच्या वेळापत्रकाला मोठे खिंडार पडले. उरल्या त्या दोनच प्रमुख कंपन्या. दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते दिल्लीत आहे. परदेशी विमान कंपन्या भारतात कोणत्या शहरांत उतरू शकतात, हे दोन देशांमधील हवाई सेवा करारांत लिहिलेले असते. त्या यादीत कण्णूरचे नाव नाही. त्यामुळे दुबई वा मस्कतची कंपनी तिथे विमान आणायला तयार असली तरी आणू शकत नाही.

केंद्राची बाजू निव्वळ हटवादी नाही, हे मान्य करायला हवे. आखाती कंपन्यांना आणखी शहरे खुली केली, तर भारतीय प्रवासी दुबई-दोहामार्गे जगभर जातील आणि आपल्या कंपन्यांना लांब पल्ल्याची सेवा उभारताच येणार नाही, ही भीती खरी आहे. महानगरांबाहेरच्या विमानतळांना ही मुभा द्यायची नाही, असे धोरण त्यातूनच आले. पण धोरण असे असेल, तर आंतरराष्ट्रीय दर्जाचा विमानतळ उभारण्यास मान्यता देताना ते स्पष्ट सांगायला हवे होते. सामान्य भागधारक आणि सहकारी बँका यांचा पैसा त्यात गुंतलेला आहे. २०२३ साली सुरू झालेल्या गोव्यातील मोपा विमानतळावर मात्र परदेशी कंपन्या उतरतात. गोवा हे पर्यटनाचे राज्य आहे, हे कारण दिले जाईल; मग कण्णूरला हवे आहे ते पर्यटक नव्हे, घरी परतणारे कामगार, एवढाच फरक उरतो.

मोपाचा उल्लेख निघालाच, तर चिपीविषयी बोलणे भाग आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी राजकीय विरोधकांना एका मंचावर आणून तो विमानतळ सुरू झाला. त्यानंतर सव्वा वर्षातच सिंधुदुर्गाच्या सीमेला लागून असलेले मोपा उभे राहिले. कण्णूरपाशीही हाच प्रकार आहे. मंगळुरू, कण्णूर आणि करिपूर हे तिन्ही विमानतळ एकाच किनाऱ्यावर रस्त्याने काही तासांच्या अंतरात आहेत. केरळ सरकारने कण्णूरला विमान इंधनावरचा कर १ टक्क्यावर आणला, तेव्हा करिपूरच्या बाजूने आपला धंदा हिरावला जात असल्याची तक्रार झाली. राज्ये आणि जिल्हे परस्परांची विमाने पळवीत असताना एकूण मागणी मात्र तेवढीच राहते. दोन विमानतळांमध्ये किती अंतर असावे हे पाहिले जाते. दोघांना पुरतील इतके प्रवासी आहेत का, हे पाहण्याची निकड कोणाला वाटत नाही.

डोंगरातील अनुभव याहून कठोर आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी योजनेचे पहिले विमान शिमल्याहून दिल्लीला गेले, पण तेथील आखूड धावपट्टीमुळे विमानाला भार कमी ठेवावा लागतो आणि जागा रिकाम्या राहतात. ही सेवा पुढे मोठा काळ बंदच होती. सिक्कीममधील पाक्योंगचे उद्घाटन सप्टेंबर २०१८ मध्ये झाले, जून २०१९ मध्ये विमाने थांबली आणि ती पुन्हा सुरू झाली जानेवारी २०२१ मध्ये. तिथे धुके नवे नव्हते. धुक्यात विमान उतरवण्याची साधने मात्र फीत कापण्याआधी बसली नव्हती. याउलट बिहारमधील दरभंगा पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या त्या विमानतळाची इमारत लहान आणि गैरसोयीची होती, तरी विमाने भरून जाऊ लागली. कारण दिल्ली, मुंबई, बंगळुरूत राबणारा मिथिलेचा माणूस आधीपासूनच त्या वाटेवर होता. मार्ग टिकतो तो अशा वाटसरूंमुळे. अनुदानाने त्याला केवळ पहिला धक्का देता येतो.

सड्यावरच्या धावपट्टीचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो पैशाचा नाही. २२ मे २०१० रोजी मंगळुरूत धावपट्टीपलीकडच्या दरीत विमान कोसळून १५८ जण गेले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशी न्यायालयाने अशा धावपट्ट्यांच्या टोकाला विमान रोखून धरणारी व्यवस्था असावी, असे सुचवले होते. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० च्या पावसात, करिपूरला २१ जणांचा बळी गेला. तिथेही धावपट्टी ओलांडून विमान उतारावरून खाली गेले. त्यानंतर टोकाचे सुरक्षित क्षेत्र वाढवण्यासाठी भूसंपादन आणि भरावाची चर्चा सुरू झाली. हा खर्च उद्घाटनाच्या फलकावर झळकत नाही, म्हणून तो मागे पडतो.

सुधारित योजनेत १२० ठिकाणे घालण्यापूर्वी काही गोष्टी व्हाव्यात, असे मला वाटते. तीन वर्षे हा सरसकट नियम सोडून द्यावा. डोंगरी जिल्ह्यातला जो मार्ग रुग्ण, विद्यार्थी आणि सैनिक यांची गरज भागवतो, त्याला सार्वजनिक सेवा मानून कायम अनुदान द्यावे, आणि पर्यटनाच्या आशेवर काढलेल्या मार्गाचे वर्षभरातच परीक्षण करावे. रात्री व धुक्यात उतरण्याची साधने आणि स्थानकापर्यंतची बस असल्याशिवाय विमानतळ सुरू करू नये. पैसा कोणाचा, हेही लक्षात राहिलेले बरे. या अनुदानासाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवला जातो आणि तो अखेर मुंबई–दिल्लीच्या प्रवाशाच्या तिकिटातूनच येतो. शिवाय बहुतेक राज्ये त्यात २० टक्के वाटा घालतात.

त्या प्रवाशाला आणि त्या राज्यांना निदान एवढे कळायला हवे की, मंजूर मार्गांपैकी गेल्या महिन्यात किती मार्गांवर विमान खरोखर उडाले, किती फेऱ्या रद्द झाल्या आणि किती जागा भरल्या. मंत्रालयाने ही यादी दरमहा, मार्गाच्या नावानिशी प्रसिद्ध करावी. ती तयार करायला नवी यंत्रणा लागणार नाही. अनुदानाची देयके मंजूर करायची तर ही माहिती आधीच सरकारच्या हाती असावी लागते.