भेगेचा पंचनामा

राशीनच्या जगदंबेच्या हलत्या दीपमाळा पाहून कर्जत तालुक्याच्या कित्येक पिढ्यांनी नवल केले; परंतु ज्या सिमेंटच्या इमारती उभ्या जन्मात हलू नयेत म्हणून आपण बांधल्या, त्यांच्या तुळयांत आणि खांबांत काही हलते आहे काय, याची चौकशी करण्याची तसदी मात्र आपण सहसा घेत नाही. २८ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्याच जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत कोसळून तीन मुले मृत्युमुखी पडली. तेव्हापासून पावसाळ्यात गळका स्लॅब दिसला की मला ते गाव आठवते.

काँक्रीटचा क्षय बहुधा आतल्या सळईपासून सुरू होतो. सिमेंटच्या अल्कधर्मी कवचात सळई सुरक्षित असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड झिरपून तो गुण नष्ट झाला आणि ओल पोहोचली, म्हणजे गंजाने फुगलेली सळई वरचे काँक्रीट ढकलून देते. आमच्या अवर्षणप्रवण तालुक्यात या रोगाचे बीज पुष्कळदा जन्मकाळीच पडते. कारण उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट निदान दहा दिवस ओले ठेवावे असे भारतीय मानक सांगत असताना, एप्रिलात ओतलेल्या ज्या स्लॅबला टँकरच्या पाण्यातून चार दिवसांचाही वाटा धड मिळत नाही, त्याचे कवच सच्छिद्रच राहते.

अशा भेगेवर गिलावा फासून वर रंग देणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बांधून खटला निकालात काढणे होय. जाणता मनुष्य प्रथम हातोडीने ठोकून पाहतो. निरोगी काँक्रीट खणखणते, पोकळ झालेले बद्द वाजते. ताज्या फोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले, तर गुलाबी होणारा भाग अद्याप सळईला राखतो आहे आणि बिनरंगी राहणारा निकामी झाला आहे, हे उघड्या डोळ्यांना दिसते. त्यानंतरच तुळईला टेकू द्यावा, सळईच्या मागेपर्यंत सैल भाग काढावा, गंज खरवडावा आणि मग भरणी करावी.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयना धरणाला आडव्या भेगा पडल्या, तेव्हा त्या इपॉक्सीने भरून अभियंते थांबले नाहीत. धरणाचा उतार जेथे एकदम बदलतो तेथेच ताण एकवटला, हे ओळखून त्यांनी मागून काँक्रीटचे भक्कम आधार चढवले. भेग बुजवणे निराळे आणि तिचे कारण दूर करणे निराळे.

म्हणून माझी सूचना अल्प खर्चाची आहे. प्रत्येक शाळेच्या दप्तरात स्लॅब ओतल्याची तारीख नोंदलेली असावी, आणि प्रत्येक संशयित भेगेवर काचेची एक पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर दिनांक लिहावा. काच शाबूत राहिली तर भेग निजलेली आहे. तडकली तर जागी आहे. दुरुस्तीच्या मंजुरीचा कागद त्या काचेचा दाखला जोडल्यावाचून कचेरीतून पुढे सरकू नये.

— टेहळ्या