विश्लेषण : बीडीएसला प्रवेश मिळाला, पण लाखाचा लॅपटॉप खरेच लागतो का?

नीटचा निकाल, सीईटी कक्षाची प्रवेश फेरी आणि महाविद्यालयाची शुल्कपावती हे सगळे पार पडले, की दंतवैद्यकाला निघालेल्या मुलामुलींच्या घरी पुढचा प्रश्न उभा राहतो तो लॅपटॉपचा. दुकानदार, नातेवाईक आणि वरच्या वर्गातले विद्यार्थी यांचे सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी ‘गेमिंग लॅपटॉपच घ्या’ म्हणतो, तर कोणी ‘मॅक घ्या, पाच वर्षे बघायला नको’ असे सांगतो. अभ्यासक्रमाची गरज मात्र या दोन्हींहून वेगळी आणि बरीच कमी आहे.

हेदवीच्या विद्यार्थ्यासाठी प्रश्न वेगळा का?

गुहागर तालुक्यातील हेदवीहून सर्वांत जवळचे दंत महाविद्यालय म्हणजे खेडचे योगिता दंत महाविद्यालय. शासकीय दंत महाविद्यालयासाठी मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. म्हणजे कुठेही प्रवेश मिळाला तरी वसतिगृह किंवा भाड्याची खोली आलीच. संगणक उचलून नेण्याजोगा हवा, सुट्टीत घरी आणल्यावर खाऱ्या, दमट हवेत टिकायला हवा आणि बिघडला तर चिपळूण किंवा रत्नागिरीत दुरुस्त व्हायला हवा. शहरातील विद्यार्थ्यासाठी लिहिलेल्या सल्ल्यांत या गोष्टी येत नाहीत.

पहिल्या वर्षी संगणक कशासाठी लागतो?

बीडीएस हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता, असा पाच वर्षांचा प्रवास आहे. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र आणि दातांची रचना व मुखऊतिशास्त्र हे विषय असतात. यातले बरेचसे काम हाताचे आहे. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींच्या आकृत्या गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी जर्नलमध्ये काढायच्या, हाडे हातात घेऊन ओळखायची. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची लेखी परीक्षाही कागदावर पेनानेच द्यावी लागते.

संगणक लागतो तो प्राध्यापकांची सादरीकरणे पाहायला, पुस्तकांच्या ई-आवृत्त्या वाचायला, व्हिडीओ व्याख्याने ऐकायला आणि सेमिनारसाठी स्लाइड तयार करायला. हे काम कोणताही साधा लॅपटॉप करतो. घरात चालू स्थितीतला लॅपटॉप असेल, तर पहिल्या वर्षासाठी नवा घेण्याचे कारण नाही. अजिबात नसेल आणि पैशांची ओढाताण असेल, तर मोबाइल आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणक यांवर पहिले काही महिने सहज निघतात. वर्ग सुरू झाल्यावर महाविद्यालयात काय वापरतात हे पाहून केलेली खरेदी जास्त शहाणपणाची ठरते.

मग भारी लॅपटॉपचा सल्ला येतो कुठून?

तो येतो आजच्या दवाखान्यांतून आणि प्रयोगशाळांतून. दातांची टोपी किंवा ब्रिज संगणकावर रेखाटून यंत्राने कोरणे, इम्प्लांटची जागा आधी पडद्यावर ठरवणे, तोंडाच्या आतले त्रिमितीय स्कॅन घेणे हे सगळे आता रोजचे झाले आहे. त्यासाठी वापरली जाणारी एक्झोकॅड, थ्रीशेप यांसारखी सॉफ्टवेअर विंडोजवर चालतात आणि त्यांना वेगळे ग्राफिक्स कार्ड व भरपूर मेमरी लागते. सीबीसीटी या त्रिमितीय एक्स-रेची एकेक फाइल शेकडो मेगाबाइटची असू शकते.

पण या सॉफ्टवेअरचे परवाने महाग असतात आणि ती महाविद्यालयाच्या किंवा प्रयोगशाळेच्या संगणकावर बसवलेली असतात. पदवीच्या विद्यार्थ्याचा त्यांच्याशी संबंध येतो तो मुख्यतः शेवटच्या वर्षांत, तोही तिथल्याच यंत्रावर. आज त्यासाठी घेतलेला लॅपटॉप प्रत्यक्ष गरज पडेपर्यंत चार-पाच वर्षांचा जुना झालेला असेल. शिवाय गेमिंग लॅपटॉप जड असतो, तापतो आणि त्याची बॅटरी लवकर उतरते. व्याख्यानाच्या सभागृहात प्रत्येक बाकाशी प्लग नसतो.

‘एआय पीसी’ या नव्या शिक्क्याचेही तसेच. चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारखी साधने कंपन्यांच्या सर्व्हरवर चालतात; ब्राउझर आणि इंटरनेट असले की साध्या लॅपटॉपवरही तोच अनुभव मिळतो. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरज नाही.

लॅपटॉप महागण्याचे कारण काय?

मेमरी चिप बनवणाऱ्या जगातील प्रमुख कंपन्या तीनच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या खास मेमरीला प्रचंड मागणी आल्याने या कंपन्यांनी आपली उत्पादनक्षमता तिकडे वळवली. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. परिणामी साध्या लॅपटॉपमधील मेमरीही महागली. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या दरांत मोठी फेररचना झाली, तरी लॅपटॉपवरचा कर १८ टक्केच राहिला.

अशा वेळी किंमत वाढू नये म्हणून मेमरी कमी दिलेली मॉडेल पुढे केली जातात. दुकानात ‘८ जीबी पुरते’ असे सांगितले जाईल. आज ते कसेबसे पुरेल, पाचव्या वर्षी पुरणार नाही. शक्य असेल तर १६ जीबी घ्यावी. ८ जीबीवरच थांबावे लागले, तर नंतर मेमरी वाढवण्यासाठी जागा आहे का, की मेमरी मदरबोर्डला कायमची जोडलेली आहे, हे विचारूनच पैसे द्यावेत.

नेमके काय पाहून घ्यावे?

१४ इंची पडदा, दीड किलोच्या आसपास वजन, अलीकडचा कोअर आय-५ किंवा रायझन-५ दर्जाचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबी एसएसडी एवढे बीडीएसला पुरेसे आहे. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाऐवजी तो पैसा चांगल्या पडद्यावर घालावा. ऊतींच्या चित्रांतील गुलाबी आणि जांभळ्यातला फरक किंवा दातांच्या छटा फिकट पडद्यावर नीट दिसत नाहीत. फुल एचडी आयपीएस पडदा असावा आणि तो बाजूने पाहिल्यावर रंग बदलतात का, हे दुकानातच तपासावे.

मॅकबुक एअर टिकाऊ आहे आणि बॅटरीही उत्तम देते. वाचन-लेखनाला काहीच अडचण नाही. मात्र दंतवैद्यकातील बरीच सॉफ्टवेअर आणि आरव्हीजी म्हणजे डिजिटल एक्स-रे सेन्सरचे प्रोग्राम विंडोजसाठीच बनलेले असतात. पुढे स्वतःचा दवाखाना टाकताना वेगळा विंडोज संगणक घ्यावाच लागेल, हे धरून निर्णय घ्यावा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपवरही अशी विशिष्ट सॉफ्टवेअर चालतीलच असे नाही.

जुना लॅपटॉप घेताना एक तारीख लक्षात ठेवावी. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. बाजारात कार्यालयांतून निघालेले सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप स्वस्तात मिळतात, त्यामागचे एक कारण हेच आहे. आठव्या पिढीनंतरचा, बॅटरी बदललेला, निदान सहा महिन्यांची लेखी हमी असलेला लॅपटॉप मात्र पहिल्या दोन वर्षांसाठी वाईट पर्याय नाही.

सॉफ्टवेअरवर किती खर्च करावा?

पहिल्या वर्षी जवळजवळ शून्य. लेखन आणि स्लाइडसाठी लिब्रेऑफिस मोफत आहे. महाविद्यालयाचा अधिकृत ई-मेल मिळाला आणि संस्था पात्र असली, तर मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन ऑफिस सुविधाही विनामूल्य मिळते. पाठांतरासाठी अँकी हे कार्डांचे सॉफ्टवेअर संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे; आयफोनवर मात्र विकत घ्यावे लागते. दातांचे क्रमांक, नसांचे मार्ग, औषधांच्या मात्रा अशा सतत विसरणाऱ्या गोष्टींसाठी ते उपयोगी पडते. कार्डे स्वतः बनवली तरच त्याचा खरा फायदा होतो.

पुढच्या वर्षांत संशोधनाची गोडी लागली, तर संदर्भांसाठी झोटेरो आणि आकडेवारीसाठी जामोवी ही दोन्ही मोफत आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची विद्यार्थी संशोधन योजना बीडीएसच्या विद्यार्थ्यांनाही खुली असते. त्रिमितीय एक्स-रे पाहायला शिकण्यासाठी थ्रीडी स्लायसर आणि इम्प्लांट नियोजनाची ओळख करून घेण्यासाठी ब्लू स्काय प्लॅन विनामूल्य उतरवता येते. ही शिकण्याची साधने आहेत. रुग्णाचे निदान त्यांवरून करायचे नसते.

विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलक असतो, तो पहिल्याच दिवशी सुरू करावा. सामाजिक दंतवैद्यकाच्या शिबिरांत गावकऱ्यांना तंबाखू आणि मुखकर्करोगाबद्दल सांगणारे पत्रक मराठीतच लिहावे लागते.

दुकानदाराने ‘फुकटात टाकून देतो’ म्हणून दिलेली क्रॅक केलेली सॉफ्टवेअर मात्र नाकारावीत. त्यांच्यासोबत विषाणू येतात. मूळ विंडोज बसवलेलाच लॅपटॉप घ्यावा आणि त्याचा उल्लेख बिलावर आहे का, हे पाहावे.

रुग्णांच्या फोटोंचे काय?

तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी रुग्णांमध्ये वावरू लागतात आणि मोबाइलमध्ये तोंडाचे फोटो, एक्स-रे, केसपेपर जमा होतात. मोबाइलची गॅलरी आपोआप क्लाऊडवर जाते आणि घरातले इतरही ती पाहू शकतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. कायद्याच्या आधी वैद्यकीय नीतीही हेच सांगते : संमतीशिवाय फोटो काढू नये, फाइलच्या नावात रुग्णाचे नाव टाकू नये, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ओळख पटेल असा चेहरा टाकू नये. लॅपटॉपला पासवर्ड आणि डिस्कला कूटबद्धता ही सवय पहिल्या वर्षापासून लावलेली बरी.

पावसाळा आणि रेंज यांवर उपाय काय?

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात घरे, दुकाने आणि त्यांतले संगणक एका दिवसात पाण्याखाली गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात अनेक दिवस वीज नव्हती. यंत्र पुन्हा विकत घेता येते, पण चार वर्षांच्या नोंदी परत मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात : एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाऊडवर. हार्ड डिस्क लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवली तर दोन्ही एकदम भिजतील किंवा चोरीला जातील. ती वेगळ्या ठिकाणी असावी.

गणपतीत किंवा मे महिन्यात घरी येताना व्याख्याने आणि ई-पुस्तके आधीच उतरवून आणावीत. खाडीकाठच्या वाडीत रेंज मिळेलच असे नाही. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये. दोन-तीन दिवसांनी थोडा वेळ चालवावा, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. नेहमीच्या वॉरंटीत पाण्याने झालेले नुकसान येत नाही. अपघाती नुकसानीचे जादा संरक्षण घ्यायचेच असेल, तर सेवा घरपोच आहे की लॅपटॉप मुंबई-पुण्याला पाठवावा लागेल, हे आधी विचारावे.

कर्जातून लॅपटॉप घ्यावा का?

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत पुस्तके आणि उपकरणांबरोबर, अभ्यासक्रमासाठी आवश्यक असल्यास वाजवी किमतीचा संगणकही कर्जात धरता येतो. पण त्याचे गणित समजून घ्यावे. शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या एका वर्षात हप्ता नसला, तरी सरळ व्याज चालू असते. उदाहरणादाखल १० टक्के दर धरला, तर पन्नास हजारांऐवजी लाखाचा लॅपटॉप घेतल्यास त्या जादा पन्नास हजारांवर सहा वर्षांत तीस हजार रुपये व्याज चढते आणि हप्ते त्यानंतर सुरू होतात.

राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. वसतिगृह, खानावळ, उपकरणे आणि संगणक मात्र घरच्या खिशातूनच. दुसऱ्या वर्षापासून पूर्वचिकित्सा प्रात्यक्षिकांसाठी हत्यारांचे संच, टायपोडाँट, बर यांचा खर्च सुरू होतो, आणि ही यादी टाळता येत नाही. त्यामुळे खर्चाचा क्रम असा लावावा : आधी हत्यारे आणि पुस्तके, मग साधा, टिकाऊ लॅपटॉप, आणि भारी यंत्र पदव्युत्तर शिक्षण किंवा स्वतःचा दवाखाना ठरल्यावर.