सूत्रधाराने अडचण कशी आणावी?

खेळ म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे मैदान उभे राहते आणि पालकांच्या डोळ्यांपुढे वाया जाणारा वेळ. आज आम्ही ज्या खेळाविषयी लिहीत आहोत त्यास मैदान लागत नाही. एक टेबल, चारपाच सवंगडी, कागद, पेन्सिली आणि फासे एवढ्यावर तो भागतो. एकाने सूत्रधार व्हावयाचे व बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यावयाचे. कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चतुर चोर. सूत्रधाराने प्रसंग सांगावा, खेळाडूंनी आपले पात्र आता काय करते ते बोलावे आणि ते साधले की फसले ह्याचा निवाडा फाशाने करावा. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी रचलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा अशा प्रकारचा पहिला खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. वीस बाजूंचा फासा ही त्याची खूण. आता मधल्या सुट्टीत तो फासा आमच्या पाळीतही खुळखुळू लागला आहे. (गावाचे नावच पाळी असल्याने 'आता पाळी कोणाची?' ह्या प्रश्नावर येथे जो विनोद व्हावयाचा तो रोज होतो.)

ह्या खेळात सूत्रधाराचे मुख्य काम अडचणी आणण्याचे. त्यात वावगे काहीच नाही. रामाचा राज्याभिषेक ठरल्या मुहूर्तावर निर्विघ्न पार पडला असता तर रामायण अयोध्याकांडातच संपले असते. तथापि अडचण आणणे वेगळे आणि अडवणूक करणे वेगळे, आणि ह्या दोहोंतील भेद पुष्कळ सूत्रधारांस उमगलेला नसतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदाहरण घेऊ. किल्ल्याच्या चोरदरवाजाचे कुलूप काढण्याचा चोर प्रयत्न करतो आणि फासा उलटा पडतो. अडाणी सूत्रधार म्हणतो, "कुलूप निघाले नाही." झाले! आता पुढे काय? पुन्हा फासा, पुन्हा नकार, आणि कथा दारातच ताटकळत उभी. जाणता सूत्रधार म्हणतो, "कुलूप निघाले खरे, पण त्याच्या आवाजाने आतला पहारेकरी जागा झाला, कंदील घेऊन तो जिना उतरत आहे." प्रतिकूल दान दोन्हीकडे तेच. पहिल्याने खेळाडूच्या हातून खेळ काढून घेतला, दुसऱ्याने त्याच्यापुढे नवा प्रश्न टाकला. लपावे, पळावे की पहारेकऱ्याशी गोड बोलून वेळ मारून न्यावी?

ह्या अडवणुकीचे परिणाम आम्ही पाहिले आहेत. अशाच एका खेळात एका मुलाचे पात्र तीनदा खड्ड्यात पडले. खड्डा आहे अशी कल्पना त्यास एकदाही मिळाली नव्हती. तिसऱ्या खेपेस बाकीचे हसले आणि चौथ्या दिवशी तो मुलगा आलाच नाही. खेळातील खड्डा खोटा असतो, हसणे मात्र खरे असते. ज्याच्या हाती कथा त्याच्या हाती सत्ता, आणि बारातेरा वर्षांच्या मुलाच्या हाती अशी सत्ता बहुधा प्रथमच येत असते. म्हणून हा विषय केवळ करमणुकीचा नाही असे आम्ही समजतो.

आमच्या भागातील घरांस अडचण म्हणजे काय हे सांगावयास नको. २०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. त्या प्रसंगी ट्रकवाल्याच्या हाती कोणताच फासा नव्हता. खेळात तरी तो असावा, एवढीच आमची मागणी.

आता ही कला शिकावयाची कोठे? त्यासाठी अमेरिकेतून पुस्तके मागविण्याचे कारण नाही. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला की पेडण्यातील आणि तेरेखोल नदीपलीकडील सावंतवाडीकडील दशावतारी मंडळ्या देवळापुढे उभ्या राहतात. आख्यान ठरलेले असते. संवादांची वही मात्र नसते. कोणाचे सोंग कोणी घ्यावयाचे आणि कथा कोठून कोठे न्यावयाची एवढे आधी बोलून घेतात, बाकी सारे रंगभूमीवर उभे राहून. समोरचा नट पुराणातील एखादी अवघड शंका काढतो आणि आपणांस त्याच दमात उत्तर द्यावे लागते. ही अडचण जाणूनबुजूनच आणलेली असते. परंतु कसलेला नट नवख्यापुढे प्रश्न टाकतो तो त्यास पेलेल असाच. आणि नवखा अडखळलाच तर पुढच्या वाक्यात हळूच उत्तराचा धागा त्याच्या हाती देतो. जोडीदार गप्प पडला तर आपलाही प्रवेश पडतो, हे त्यास पक्के ठाऊक असते. आमच्या सूत्रधारांनी जत्रेत खाज्यांच्या दुकानापुढे थोडे कमी व रंगभूमीपुढे थोडे अधिक बसावे.

दशावतारी ज्या महाभारतातून आख्याने उचलतात त्यात तर अशा अडचणींचे भांडारच आहे. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात कर्णापाशी कवचकुंडले मागतो. ही अडचण आकाशातून पडलेली नाही. याचकास विन्मुख पाठवावयाचे नाही हे कर्णाचे स्वतःचेच व्रत. सूर्याने त्यास आधी सावधही केलेले असते. तरीही तो देतो, आणि रिकाम्या हाताने राहत नाही, एकदाच वापरता येईल अशी अमोघ शक्ती मिळवितो. ती कोणावर वापरावी ही पुढची अडचण. ती घटोत्कचावर खर्ची पडते आणि अर्जुन वाचतो. पाहा, एका मागणीतून किती कथा निघाली! इशारा होता, निवड होती, गमावताना काही मिळालेही होते.

नलोपाख्यान घ्या. स्वयंवरात दमयंतीपुढे एका नलाच्या जागी पाच नल उभे. चौघे देव, एक माणूस. अडचण भयंकर, पण वाट बुजविलेली नाही. देवांस घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांचे पाय भुईस टेकत नाहीत, हे तिने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असते. प्रथम त्या खुणा दिसत नाहीत. ती देवांनाच शरण जाते आणि खुणा प्रकट होतात.

ह्यावर कोणी म्हणेल, मग सूत्रधाराने नेहमी खेळाडूंस जिंकू द्यावे काय? मुळीच नाही. हरण्याची भीती नसलेला खेळ मिळमिळीत होतो, आणि पडलेले दान लपवून खोटे सांगणारा दयाळू सूत्रधार हाही एक प्रकारे फसवाच. दान पडले ते पडले. द्यूतसभेत युधिष्ठिर सर्वस्व हरला. पण द्रौपदीने विचारले की, राजाने आधी स्वतःस हरविले की मला? फाशाने न सुटणारा असा प्रश्न खेळाडूकडून आला तर सूत्रधाराने क्षणभर थांबावे. भीष्मासही त्या प्रश्नाचा उलगडा करता आला नव्हता, तेव्हा आठवीच्या सूत्रधारास आला नाही तर कमीपणा कसला?

शाळेने ह्या खेळास शनिवारची एक तास जागा द्यावी असे आम्ही सुचवितो. आख्यान आपल्या पुराणांतील किंवा गोव्याच्या इतिहासातील असावे, भाषा मराठी असावी. एकच मुलगा वर्षभर सूत्रधार नको; दर आठवड्यास पाळी बदलावी, आणि पहिली पाळी खड्ड्यात पडलेल्या त्या मुलास बोलावून आणून द्यावी.