सुटला, पण कुठं?



या अंकात कवितांची दोन पानं कमी आहेत. जागा मुद्दाम काढली.

आमच्या आळीतला एक जण तीन वर्षं कच्चा कैदी होता. केस चालली, निर्दोष सुटला. संध्याकाळी दिंडी दरवाजातून बाहेर आला तेव्हा हातात पिशवी आणि घ्यायला कुणी नाही. खोलीचं डिपॉझिट वकिलात गेलेलं. मी म्हटलं, चल गोदीत, टोळीत शब्द टाकतो. मुकादम म्हणाला, पास पाहिजे. पासाला पोलिसांचा दाखला पाहिजे. म्हणजे ज्या चौकीनं उचलला त्याच चौकीच्या बाकड्यावर परत जाऊन बसायचं! वर मुकादमानं हळूच विचारलं, "कसल्या भानगडीत होता?" सगळी टोळी माझ्याकडं बघत होती. 'निर्दोष सुटलाय' एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी गोणीला हात घातला. कवितेत मी लई गर्जना करतो, दोस्तहो.

२०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्ची. शंभरात पंच्याहत्तरावर माणसं गुन्हा शाबीत व्हायच्या आधीच आत! १८७१ साली गोऱ्या सरकारनं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो कायदा गेला, १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. बिल्ला बदलला, संशय तोच. तुरुंगात जात बघून झाडू हातात द्यायचे, ते सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ ला घटनाबाह्य ठरवलं. रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितलं. बरं झालं. मुकादमाच्या डोळ्यातला रकाना कोण काढणार?

आणि ज्यानं खरंच गुन्हा केला त्याचं काय? ज्याच्या घराचं त्यानं वाटोळं केलं त्यांना आपण 'माफ करा' सांगायला जायचं नाही, तो हक्क आपला नाही. पण शिक्षा कोर्टानं मोजून दिली, त्यानं मोजून भोगली. वरची शिक्षा आपण कुठल्या कलमाखाली देतो? बाईचं तर विचारूच नका. बाप्या सुटला तर बायको दारात असते. बाई सुटते तेव्हा घरात बऱ्याचदा दुसरी आलेली असते.

टाटा इन्स्टिट्यूटचं 'प्रयास' १९९० पासून हे काम करतंय. चांगलं करतंय. पण ते कामावर येणारे लोक, आपण शेजारी. पहिले आठ दिवस माणसाला काय लागतं? झोपायला जागा, रेशनकार्डावर नाव, निकालाची शिक्क्याची नक्कल, आणि चौकीत जाताना बरोबर एक माणूस. मोर्चाला आपण ट्रक भरून जातो. जेलच्या गेटावर आपल्यातला एक तरी गेलाय?

तो सध्या भाड्याची हातगाडी ओढतो. अंक निघाल्यावर येणाऱ्या पहिल्या सोमवारी मी त्याच्याबरोबर दाखल्यासाठी चौकीत जातोय. खाडा पडेल, पडू दे. यायचं असेल त्यानं सकाळी साडेनऊला नाक्यावर यावं.