ध्रुवीय अस्वलापासून तीनशे मीटर

उत्तर ध्रुवाच्या उंबरठ्यावरील स्वालबार्ड या द्वीपसमूहात नॉर्वे सरकारने १ जानेवारी २०२५ पासून पर्यटनाचे कठोर नियम लागू केले. ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, तर १ मार्च ते ३० जून या काळात किमान ५०० मीटर अंतर राखणे त्यामुळे बंधनकारक झाले. यापेक्षा कमी अंतरावर अस्वल आढळले, तर मागे हटण्याची जबाबदारी माणसाची. बोटीतून अस्वले, वॉलरस आणि हिमनद्यांचे कडे टिपणाऱ्या छायाचित्रण सफरींच्या व्यवसायाला हा थेट धक्का होता. वरवर पाहता हा मूठभर हौशी छायाचित्रकारांच्या गैरसोयीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात वन्यजीवांच्या किती जवळ जायचे हे ग्राहकाने ठरवायचे, मार्गदर्शकाने की कायद्याने, हा त्यामागचा खरा वाद आहे.

स्वालबार्डचे क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर आणि त्यातील अर्ध्याहून अधिक भूभाग बर्फाच्छादित. लाँगइयरब्येन या मुख्य वस्तीत जेमतेम अडीच हजार माणसे राहतात. वस्त्यांना जोडणारे रस्ते नाहीत. त्यामुळे हा प्रदेश पाहायचा तर उन्हाळ्यात बोटीला पर्याय नाही. मोठ्या जहाजांबरोबरच डझनभर प्रवासी घेऊन आठ-दहा दिवस खाड्याखाड्यांतून हिंडणाऱ्या लहान बोटी येथे चालतात. त्यांचे बहुतेक ग्राहक खास छायाचित्रांसाठी आलेले असतात. सूर्य मावळतच नसल्याने मध्यरात्रीही चित्रण करता येते. लिफ्डेफ्योर्डमधील मोनॅको हिमनदी, हिनलोपेन सामुद्रधुनीतील आल्केफ्येलेटचा पक्ष्यांनी गजबजलेला कडा, पूर्वेकडील आउस्टफोना हिमटोपीची मैलोन्‌मैल पसरलेली बर्फाची भिंत ही या सफरींची ठरलेली आकर्षणे.

हिमनदीचा कडा केवळ दृश्य म्हणून महत्त्वाचा नाही. हिमनदीखालून समुद्रात येणारे गोडे पाणी हलके असल्याने वर उसळते आणि खोलवरचे सूक्ष्मजीव पृष्ठभागावर आणते. त्यावर ताव मारण्यासाठी किटिवेक पक्ष्यांचे थवे जमतात. कड्यासमोरच्या गोठलेल्या समुद्रावर वसंतात सील पिलांना जन्म देतात आणि त्यांच्या शिकारीसाठी अस्वले तेथे येतात. मार्च-एप्रिलमध्ये मादी अस्वल बिळातून पिलांसह बाहेर पडते, तेव्हा ती कित्येक महिन्यांची उपाशी असते. या दिवसांत शिकार एकदा जरी हुकली, तरी तिची किंमत पिलाला मोजावी लागू शकते. वसंतात ५०० मीटरचे अंतर का, याचे उत्तर येथे मिळते.

अंतराचा नियम हा संपूर्ण बदलाचा केवळ एक भाग होय. संरक्षित क्षेत्रांत २०० पेक्षा अधिक प्रवासी असलेल्या जहाजांना प्रवेश बंद झाला. या क्षेत्रांत पर्यटकांना किनाऱ्यावर उतरविण्यासाठी ४३ ठिकाणे निश्चित करण्यात आली. ड्रोन उडविण्यास मनाई झाली. वॉलरसच्या विश्रांतिस्थळांजवळ बोटींना १५० मीटर अंतर आणि पाच नॉटची वेगमर्यादा पाळावी लागते. पक्ष्यांच्या ठरावीक कड्यांपाशीही एप्रिल ते ऑगस्टदरम्यान हीच वेगमर्यादा लागू असते. गिलेमॉट हा पक्षी घरटे न बांधता उघड्या खडकावर एकच अंडे घालतो. थवा दचकून उडाला की अंडे घरंगळून खाली पडते. पुन्हा तेवढ्याच यशाची शाश्वती नसते.

छायाचित्रकारांच्या दृष्टीने ३०० मीटरचा अर्थ काय, हे साध्या गणिताने कळते. ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ३०० मीटर अंतरावरील सुमारे १८ मीटर रुंदीचे दृश्य मावते. सव्वादोन-अडीच मीटर लांबीचे अस्वल त्यात चित्राचा सातवा-आठवा हिस्सा व्यापते. पाचशे मीटरवर ते बाराव्या हिस्स्यावर येते. शिवाय थंड पाण्यावरच्या तापलेल्या हवेमुळे प्रतिमा थरथरते ती वेगळीच. मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकणारी, अस्वलाच्या डोळ्यांतील चमक दाखविणारी छायाचित्रे येथे आता कायदा पाळून काढता येणे अवघड आहे.

व्यावसायिकांचे आक्षेप मात्र केवळ गल्ल्यापोटी आहेत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आर्क्टिकमधील सफर-जहाजचालकांची संघटना २००३ पासून कार्यरत आहे आणि तिने स्वतःची आचारसंहिता घालून घेतली होती. अस्वलाची हालचाल ओळखणारा अनुभवी मार्गदर्शक परिस्थिती पाहून अंतर ठरवितो. एकच आकडा सर्वत्र लावणे हे शास्त्र नव्हे, असा व्यावसायिकांचा युक्तिवाद. इंजिन बंद करून शांत उभ्या राहिलेल्या बोटीकडे कुतूहलाने आलेल्या अस्वलासमोर इंजिन सुरू करून पळ काढणे, हे त्याला अधिक विचलित करणार नाही काय, असा त्यांचा प्रश्न आहे. उतरण्याची ठिकाणे मोजकीच ठेवल्याने गर्दी तेथेच एकवटेल, ही भीतीही निराधार नाही. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात राज्यपालांच्या मोजक्या कर्मचाऱ्यांनी प्रत्येक बोटीवर नजर ठेवणेही अशक्यप्राय आहे.

तरीही कायद्याची बाजू अधिक भक्कम वाटते. मार्गदर्शकाचा अनुभव कितीही दांडगा असो, त्याचे वेतन ग्राहकाच्या समाधानावर अवलंबून असते. लाखो रुपये मोजून आलेला प्रवासी आणखी थोडे जवळ जाण्याचा आग्रह धरतो, तेव्हा विवेकबुद्धीवर सोडलेले अंतर हळूहळू आक्रसत जाते. एका बोटीचा व्यत्यय किरकोळ असेल. परंतु एकाच अस्वलाभोवती ऋतूभर एकामागून एक बोटी येत राहिल्या, तर त्याचा हिशेब कोणताही एक मार्गदर्शक ठेवू शकत नाही. संकट केवळ अस्वलाचा तोल ढळण्याचे नाही. जुलै २०१८ मध्ये द्वीपसमूहाच्या उत्तर टोकाजवळच्या एका बेटावर पर्यटकांसाठी जागा पाहण्यास उतरलेल्या एका पहारेकऱ्यावर अस्वलाने हल्ला केला आणि अखेर त्या अस्वलालाच गोळी घालावी लागली. ‘पाहुणा कोण आणि यजमान कोण’ हा प्रश्न त्यावेळी जगभर विचारला गेला.

संरक्षणाचे नियम निष्फळ ठरत नाहीत, याचा पुरावाही स्वालबार्डनेच दिला आहे. बेसुमार शिकारीने नामशेष होऊ घातलेल्या रेनडिअरना १९२५ मध्ये, वॉलरसना १९५२ मध्ये आणि ध्रुवीय अस्वलांना १९७३ मध्ये कायद्याचे कवच मिळाले. त्यानंतर हे प्राणी सावरले. जानेवारी २०२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेजियन संशोधकांच्या अभ्यासानुसार, सागरी बर्फ घटत असतानाही २००० नंतर येथील अस्वलांची शरीरप्रकृती सुधारली. रेनडिअर व वॉलरस यांची वाढलेली संख्या हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. अर्थात, बर्फ असाच घटत राहिला तर हे चित्र टिकणार नाही, असा इशाराही त्यासोबत आहेच.

आणि येथेच नव्या नियमांची मर्यादा उघड होते. बोटी ३०० मीटर दूर ठेवता येतील. उष्णता ठेवता येत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात अवघ्या सहा आठवड्यांत स्वालबार्डने आपल्या एकूण बर्फापैकी सुमारे एक टक्का गमावला. येथील अखेरची नॉर्वेजियन कोळसा खाण २०२५ मध्ये बंद झाली आणि अर्थव्यवस्थेतील पर्यटनाचे वजन आणखी वाढले. ‘वितळण्यापूर्वी पाहून घ्या’ या आवाहनावर चालणारे पर्यटन विमाने आणि जहाजांच्या धुरातून त्या वितळण्यालाच हातभार लावते. हा अंतर्विरोध कोणत्याही अंतरमर्यादेने सुटणारा नाही.

या साऱ्यात भारत केवळ प्रेक्षक नाही. नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य करून इतर देशांच्या नागरिकांना येथे उद्योग-व्यापाराची समान संधी देणाऱ्या १९२० च्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचीही स्वाक्षरी आहे. प्राणी व वनस्पतींच्या रक्षणाचा अधिकार याच कराराने नॉर्वेला दिला. नी-ओलेसुंड येथे २००८ मध्ये भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. हे केंद्र ज्या खाडीकाठी आहे, तेथेच ब्लूमस्ट्रांड नावाचा भूभाग आहे. नकाशावरच्या नॉर्वेजियन नावात त्याला ‘द्वीपकल्प’ म्हटले आहे. पण हिमनदी मागे सरल्यावर १९९० च्या दशकात ते बेट असल्याचे उघड झाले.

मुंबई-पुण्यातूनही आता ध्रुवीय सफरींना जाणारे वाढत आहेत. त्यांनी पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी तपासून घेणे हिताचे. माहितीपत्रकातील अस्वलाची छायाचित्रे २०२५ पूर्वीची आहेत काय? बोट संरक्षित क्षेत्रात कोठे थांबणार? अंतराच्या नियमाबाबत आयोजकाची भूमिका काय? ‘आम्ही तुम्हाला अगदी जवळ नेऊ’ असे आश्वासन मिळाले, तर ते धोक्याची सूचना समजावे. विस्तीर्ण बर्फाच्या कडेला ठिपक्याएवढे दिसणारे अस्वल मुखपृष्ठावर कदाचित शोभणार नाही. परंतु त्याच्या जगाचा आकार आणि त्यातील माणसाची जागा असे चित्रच अधिक प्रामाणिकपणे दाखविते.