शिये फाट्याचा करार आधी लोकांपुढे ठेवा

मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा;
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका;
मा. अधीक्षक अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग;
मा. प्रकल्प संचालक, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांस,



कसबा बावड्याचा रस्ता पंचगंगा ओलांडून शिये फाट्यावर पुणे-बंगळूर महामार्गाला मिळतो. शिरोली एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार, कोर्टाच्या तारखेला येणारे पक्षकार, हंगामात राजाराम कारखान्याला येणारा ऊस, सगळ्यांना ही वाट लागते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर फाट्यावर वळताना एकदा उभे राहून बघा. इंजिन आमच्या रस्त्याला लागलेले असते आणि मागची ट्रॉली अजून वाहनांच्या वाटेत आडवी असते. मोटारसायकलवाला कडेच्या मुरमात उतरतो. रात्री त्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसला तर काय होते, ते सांगायला नको.

हा फाटा नव्याने बांधायला हवा, याबद्दल बावड्यात आणि शियेत दुमत नाही. सातारा-कागल सहापदरीकरणाची यंत्रणा दारात आली असतानाच हे काम व्हावे. अडते ते हद्दीवर. बावडा महापालिकेत, शिये ग्रामपंचायतीत, महामार्ग केंद्राचा. खड्डा दाखवला की प्रत्येक जण दुसऱ्याच्या कार्यालयाकडे बोट दाखवतो. म्हणून राज्य, महापालिका आणि प्राधिकरण यांनी मिळून पैसा उभा करावा, हे आम्हाला मान्य आहे. मात्र कोणाचा हिस्सा किती आणि तो कुठून येणार, हे कुदळ मारण्याआधी कागदावर दिसले पाहिजे.

ही मागणी उगाच नाही. राज्याचे रस्ते विकास महामंडळ, महापालिका आणि खासगी कंपनी यांच्या करारातून शहरात सुमारे 50 किलोमीटर रस्ते झाले. त्या कराराचा अर्थ लोकांना कळला तो 2013 मध्ये नाक्यावर पावती फाडताना. कंपनीला तीस वर्षे टोल, वर टेंबलाईवाडीचा भूखंड. त्याविरुद्ध एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसे उन्हातान्हात रस्त्यावर उतरली, सारे शहर त्यांच्या मागे गेले आणि 2015 च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. कंपनीची भरपाई शेवटी सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच पैशातून गेली. महापालिकेला आपला हिस्सा झेपत नसेल तर तिने तसे आजच सांगावे आणि राज्याने तो उचलावा. नंतर टोल नको आणि सार्वजनिक जागाही गहाण नको.

दुसरी गोष्ट पाण्याची. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 55 फुटांवर गेले, 2021 मध्ये 56 फुटांवर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि कोल्हापूर तुटले. बावडा महामार्गाच्या भरावाच्या वरच्या अंगाला आहे. पाण्याला मोकळी वाट नसली की ते मागे आमच्या मळ्यांत आणि घरांत फुगते. त्यामुळे फाटा रुंद करताना मुरमाचा आणखी ढीग टाकणार असाल, तर ते काम आम्हाला नको. नदीपात्रापासून फाट्यापर्यंतचा रस्ता खांबांवर घ्या. खर्च वाढेल. तो पूरनियंत्रणाच्या निधीतून भागवता येईल का, हे जलसंपदा विभागाला सोबत बसवून ठरवा. पण अंदाजपत्रकात नदी धरलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट चर्चेची. 2020 च्या नोव्हेंबरपासून पाच वर्षे महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात असे निर्णय सभागृहात चर्चेलाच आले नाहीत. तेव्हा फाट्याच्या कराराचा मसुदा मराठीत छापा, महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत आणि शियेच्या ग्रामसभेत मांडा, हरकती घ्यायला पुरेशी मुदत द्या. देखभाल कोणाकडे, पुलाखालचा गाळ कोण काढणार, पथदिव्यांचे बिल कोण भरणार, हेही त्यात नावानिशी लिहा. त्यावर सह्या झाल्या की मगच निविदा काढा.

आपला,
कसबा बावड्यातील एक करदाता